साडेतीन फूट आणि सूर्याचा पीळ

माझं मशीन खोटं बोलत नाही. सहा वर्षं मुळशी तालुक्यात बांधाबांधावर उभं राहून मी हे सांगत आलोय, आणि एक दिवस सोडला तर ते खरंही आहे. तो एक दिवस नेमका भुकूमच्या हैबतराव पायगुड्यांच्या बांधावर उजाडला.

मी किशोर. राहायला पिरंगुटला, धंदा खासगी जमीनमोजणीचा. सरकारदरबारी माझ्या नकाशाला काडीची किंमत नाही. पण सरकारी मोजणी मागवण्याआधी आपलं पितळ कितपत उघडं पडणार ते ज्यांना बघायचं असतं, ते मला बोलावतात. असे लोक या तालुक्यात इतके आहेत की मला रविवारचीही सुट्टी मिळत नाही. माझ्याकडे दोन डबे आहेत. एक तिपाईवर बसतो, दुसरा उंच काठीवर घेऊन मी शेतात फिरतो. आपण नेमके कुठे उभे आहोत हे ते उपग्रहांकडून विचारून घेतात, पाऊण इंच इकडेतिकडे. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘फिक्स’ आलं की आकडा पक्का. पिवळ्या अक्षरांत ‘फ्लोट’ आलं की आकडा कच्चा, थांबायचं. एवढंच शास्त्र, बाकी सगळं भांडण.

हैबतरावांना अख्खं गाव आबा म्हणतं. वय एकाहत्तर, आवाज शेजारच्या गावात जाईल असा, आणि पुढचा एक दात नाही. तो का नाही हे ते न विचारता सांगतात. बाराव्या वर्षी दोर वळताना लाकडी फिरकी हातातून सुटली, दोराचा सगळा पीळ उलटा फिरला आणि फिरकी तोंडावर बसली. त्यावरून त्यांनी दोर वळायचं सोडलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. घरातली बैलजोडी विकून आठ वर्षं झाली, तरी आबा रोज ओसरीवर बसून घायपाताचा दोर वळतात. गावात बैल उरले नाहीत, मग येईल त्याला दोर भेट देतात. माझ्या गाडीच्या डिकीत दोन आहेत.

पण आबांची खरी ख्याती बांधाची. दोन भावांत, दोन शेजाऱ्यांत बांधावरून जुंपली की लोक पोलिसांच्या आधी आबांना बोलवायचे. खाचा पाडलेली सहा फुटी काठी घेऊन ते यायचे, दगड शोधायचे, मोजायचे आणि निकाल द्यायचे. निकालाआधी एक वाक्य ठरलेलं असे. ‘‘बांध म्हंजी आई हाय. आईला कोरून खानारा कसला मानूस?’’ हे ऐकून भलेभले खाली बघायचे. माझ्या मशीनवर मात्र त्यांचा राग होता. ‘‘वरनं बघून जमीन मोजत्यात व्हय? घार हायेस का तू?’’ असं ते मला चारचौघांत विचारायचे.

तर मुद्दा आबांच्याच बांधाचा. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दयानंद यांचं वाटप चाळीसेक वर्षांपूर्वी झालं. पुढे रस्त्याला दोघांची घरं शेजारी-शेजारी, मागे ओढ्यापर्यंत दोघांचे पट्टे, आणि मधे बांध. वाटपाच्या कागदात स्वच्छ लिहिलेलं: आठ फुटी बांध, गाडीवाट, दोघांची. मी पाहिला तेव्हा तो बांध दीड फूट होता. त्यावरून गाडी सोडा, दोन शेळ्यांना समोरासमोर येता आलं नसतं. कसा झाला विचारलं तर आबा म्हणायचे, ‘‘पावसानं वाहून ग्येला.’’ ओढ्याच्या दिशेने वाहून गेलेले बांध मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन्ही अंगांनी सारखा बारीक होत गेलेला तो एकच.

दयानंद नऊ वर्षांपूर्वी वारले. त्यांची बायको धोंडाबाई एकटी राहते. तिला मागे ओढ्याकाठी चार खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या होत्या, पण विटांचा टेम्पो जायला वाट नाही. वाट नाही तर खोल्या नाहीत, खोल्या नाहीत तर जमीन विकायची आणि महाळुंग्याला पोराच्या फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर जाऊन बसायचं. ‘‘तितं खिडकीतनं खाली बघितलं की मला घेरी येती,’’ ती मला म्हणाली. ‘‘मला माज्या जिमिनीवर मरायचंय. तेवढी वाट मोजून दे.’’

धोंडाबाई आबांशी बोलत नसे. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने तोंडावर बोलायचं नाही, हे ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून पाळत होती. आबा चार हातांवर उभे असले तरी ती पदर पुढे ओढून मधल्या माणसाला सांगायची, ‘‘थोरल्यांना म्हनावं, चा झालाय.’’ मधला माणूस नसेल तर शेळीला सांगायची. आबाही मग शेळीलाच म्हणायचे, ‘‘आलो म्हनावं.’’

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी तिपाई लावली. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, हिरवं ‘फिक्स’ येईना. आलं की जाई. मी डबा बंद केला, चालू केला, पुसला, मनातल्या मनात शिव्याही दिल्या. आबा ओसरीवर बसून दोर वळत होते आणि माझी फजिती बघून त्यांचा चेहरा उजळत होता.

वरच्या गॅलरीतून आवाज आला, ‘‘दादा, आज नाही जमणार तुमचं. परवा या.’’

ही गौतमी. आबांची भाडेकरू. पुण्यातल्या एका संस्थेत सूर्याचा अभ्यास करते. आबांना यात विशेष काही वाटत नसे. ‘‘उनाचं कसलं शिक्षान? टोपी घालायची,’’ असं त्यांचं मत होतं. ती दोन रात्री झोपली नसावी, पण डोळे असे चमकत होते जसा काही घरात पाळणा हलला आहे.

‘‘सूर्यावर मोठा भडका उडाला परवा,’’ ती खाली येत म्हणाली. ‘‘एक नाही, लागोपाठ. काल रात्रीपासून त्याचा दणका इथे बसतोय. लडाखमध्ये आकाश लाल झालं.’’

‘‘सूर्य तितं, माझं मशीन हितं,’’ मी चिडून म्हणालो. चिडलो की मलाही गावची बोली येते.

तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि आबांच्या हातातला दोर बघितला. ‘‘आबा, हा दोर पिळतच राहिलं तर काय होतं?’’

‘‘स्वताभोवती येटोळं घेतो. आनि हात सुटला तर दात पडतो,’’ आबांनी पुरावा दाखवला.

‘‘बरोबर. तुमच्या मनगटाची ताकद त्या पिळात साठते. दिसत नाही, पण असते. सूर्य म्हणजे तापलेला, विजेचा वायू. त्यात चुंबकाच्या ताकदीचे अदृश्य दोर रोवलेले असतात, कमानीसारखे वर आलेले. आता सूर्याचा मधला पट्टा भरभर फिरतो, टोकं हळू. खालचा वायूही सारखा खदखदतो. मग त्या दोरांचं काय होईल?’’

‘‘पीळ बसंल की.’’

‘‘दिवसच्या दिवस बसतो. आणि एक दिवस उलट्या दिशेचे दोन दोर एकमेकांना भिडतात. तुटतात, आणि तुटल्या तुटल्या याचं टोक त्याला, त्याचं याला, असे नव्याने जुळतात. आखूड, सैल. जो पीळ दिवसभर, आठवडाभर साठला तो काही मिनिटांत मोकळा होतो.’’

आबांनी दोर मांडीवर ठेवला. विचार केला. ‘‘म्हंजी दोन घरच्या ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आनि त्याच मांडवात अदलाबदल करून जुळवल्या.’’

‘‘अगदी!’’

‘‘मंग भडका उडनारच. भांडी आपटत्यात.’’

गौतमीने टाळी वाजवली. मी घड्याळ बघितलं. पण तिची गाडी आता उतारावर होती. ती म्हणाली, त्या मोकळ्या झालेल्या ताकदीचे वाटे पडतात. काही ताकद वायू तापवण्यात जाते, कोटी-दोन कोटी अंशांपर्यंत. काहीने अगदी बारीक कण सुसाट सुटतात, ते त्याच दोरांवरून घसरत खाली सूर्याच्या अंगावर आदळतात, तिथला वायू दुधासारखा उतू जाऊन वर चढतो आणि सगळी कमान उजळते. आणि पुष्कळ वेळा वायूचा एक प्रचंड ढगच बाहेर फेकला जातो.

‘‘यातला उजेड आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो. चपळ कण अर्ध्या-पाऊण तासात. ढग जड, त्याला दीड-दोन दिवस लागतात. पण खरा गोंधळ तोच घालतो. वरची हवा अशी ढवळून काढतो की उपग्रहाचा निरोप तिच्यातून येताना अडखळतो.’’

‘‘आदी बातमी, मंग पोरं, मंग म्हातारी,’’ आबा म्हणाले. ‘‘आमच्यात बी तसंच येत्यात.’’

आता इथे मी शहाण्यासारखं मशीन आवरून घरी जायला हवं होतं. पण समोर आबा गालात हसत होते, धोंडाबाई अंगणाच्या भिंतीपलीकडून आशेने बघत होती, आणि सूर्य तर मला नेहमीसारखाच दिसत होता. मला राग आला. मी काठी उचलली, बांधाच्या वरच्या आणि ओढ्याकडच्या जुन्या दगडांचे आकडे घेतले, आबांच्या नांगरटीच्या कडेचे घेतले. पडद्यावर पिवळी अक्षरं होती. मी अंगठा त्यांच्यावर ठेवला. देवाशपथ, मुद्दाम नाही. बहुतेक.

‘‘आबा,’’ मी मोठ्याने म्हणालो, ‘‘तुमची नांगरट हद्दीच्या पुढे अकरा फूट गेलीय.’’

कोपऱ्यावर दूधवाला थांबला होता, तो गाडी बंद करून ऐकायला लागला.

आबांच्या मानेची शीर फुगली. मग ते असे उठले की मांडीवरचा दोर उलगडत अंगणात गेला.

‘‘अकरा? अक्करा? आरं, बांधच आठ फुटाचा, त्यातला दीड अजून हाय, मंग अकरा कुटनं आनलास? अठ्ठावीस सालं, दरसाल दोन बोटं! साडेतीन फूट हुत्यात, साडेतीन! मोजून कोरलाय म्या! एक बोट जास्त न्हाई!’’

आवाज ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला. मग आबांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

ज्या माणसाने मुळशीतल्या निम्म्या कोरकऱ्यांना आईची शपथ घालून खाली बघायला लावलं, तो स्वतः खाली बघत होता. चोरीचा आळ त्याने सोसला असता. हिशेबातली चूक सोसवली नाही. भिंतीपलीकडून धोंडाबाई मला म्हणाली, ‘‘थोरल्यांना म्हनावं, ऐकलं.’’ एवढंच. तिच्या आवाजात ना राग होता ना आनंद, आणि तेच मला विचित्र वाटलं.

पुढचं गौतमीने घड्याळ लावून पाहिलं, आणि त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. दूधवाल्याने गाडीला किक मारल्यापासून नवव्या मिनिटाला पौड रस्त्यावरच्या चहावाल्याचा मला फोन आला, ‘‘आबांनी कबूल क्येलं व्हय?’’ पाऊण तासात चपळ कण आले. आबांनी कधीकाळी ज्यांचे निकाल दिले होते, त्यातले सहाजण मोटारसायकलवर दारात हजर. ‘‘आमचाबी बांध परत मोजा. त्या काठीवर इस्वास न्हाई ऱ्हायला.’’ आबा दार लावून आत बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवशी दाराच्या फटीतून मला दिसले ते आबा पार उसवलेले होते. मला वाईट वाटलं. माझ्या अंगठ्याखालची पिवळी अक्षरं मला दोन रात्री दिसत राहिली.

ढग सोमवारी आला. म्हणजे उरवड्याहून रंभाबाई. आबांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, आणि तोंडाने सरळ. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिने हाक मारली, ‘‘हैबत्या! भाईर ये. तू कोरलास ते मला त्याच साली ठावं हुतं. आता लाजतुयास व्हय?’’

आबा बाहेर आले. दोन दिवसांची दाढी वाढलेली, हातात काठी नव्हती. मी सकाळीच येऊन तिपाई लावली होती आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यांसमोर माफी मागितली होती. आकडा कच्चा होता, मी थांबायला हवं होतं. गौतमी म्हणाली वरचं वादळ ओसरलंय. पडदा हिरवागार होता.

रंभाबाई बांधाशी गेली. बोटं मोजली. ‘‘आठातनं दीड हितं हाय. साडेतीन ह्या येड्यानं खाल्लं. मंग बाकीचं तीन कुटं ग्येलं? धोंडे, उंदरानं खाल्लं?’’

धोंडाबाईने पदर पुढे ओढला. ‘‘आक्कांना म्हनावं,’’ ती माझ्याकडे बघून म्हणाली आणि थांबली. मग पुढचं कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘‘आमचं मालक हिकडनं कोरायचं, थोरलं तिकडनं. घरातल्या सगळ्यांना ठावं. फक्त त्या दोघांनी कंदी एकमेकाला इचारलं न्हाई.’’

मी आबांकडे बघितलं. दोन दिवस अख्खा गाव यांच्या तोंडावर थुंकत होता. बांध एकट्याने खाल्ला, विधवेच्या वाटेवर नांगर घातला, असं चहाच्या टपरीवर चाललं होतं. आणि हा माणूस दाराआड बसून राहिला, पण ‘दयानंदनेबी कोरला’ एवढं एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मेलेल्या भावाचं नाव सांभाळत बसला. मशीनवर हसणाऱ्या या म्हाताऱ्याचा मला तोपर्यंत फक्त राग येत आला होता. त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

‘‘मोज,’’ आबा मला म्हणाले. ‘‘आज खरं मोज.’’

मी मोजलं. दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तेच. हिरवं ‘फिक्स’, आणि आकडा तीन फूट साडेसात इंच. साडेतीन फूट नव्हे. दीड इंच जास्त.

या माणसाजवळ आता मोजून कोरल्याचा अभिमान तेवढा शिल्लक होता. मी म्हणालो, ‘‘साडेतीन फूट, आबा. बरोबर.’’

‘‘बघू.’’

त्यांनी चष्मा पुढे सरकवून पडदा वाचला. ‘‘ह्ये वरचं काय?’’

‘‘एवढा फरक मशीनचा असतो.’’ सहा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मशीनला खोटं पाडलं.

आबांनी मान हलवली. दोन बोटं जोडून त्यांनी पडद्याशेजारी धरली. ‘‘न्हाई. मशीन बराबर हाय. ह्ये दयानंद ग्येला त्या सालचं. वैशाखात म्या कोरला, जेठात त्यो ग्येला. ते म्या कंदी मोजलंच न्हाई.’’ ‘‘त्यो आजारी हुता त्ये मला ठावं हुतं. पन बांधावर आलो तर त्याच्या अंगानं ताजा नांगूर फिरलेला. दोन बोटं. मला वाटलं, अजून दम हाय गड्यात. म्हून म्या बी कोरला. आनंदानं कोरला.’’

रंभाबाई बांधावरच टेकली.

मग धोंडाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. आबांच्या समोर आली आणि थेट त्यांच्याकडे बघून बोलली. ‘‘भावजी, त्यांना उभं बी ऱ्हावत नव्हतं तवा. खाटल्यावरनं मला म्हनले, जा, दोन बोटं कोरून ये, न्हाईतर दादाला वाटंल मी हरलो. नांगूर म्या धरला हुता.’’

घायपाताचा दोर आत खुंटीला होता, दोन दिवसांत चांगला चौदा हात वळला होता. आबा जाऊन तो आणि आपली काठी घेऊन आले आणि काठीच्या खाचेला लावून त्यांनी आठ फुटांवर गाठ मारली.

‘‘घार हायेस ना तू?’’ ते मला म्हणाले. ‘‘मंग वरनं बघ, वाकडं जातंय का.’’

त्यांनी टोक धरलं, गाठ धोंडाबाईने धरली, आणि दोघं जण बांधाच्या दोन अंगांनी ओढ्याकडे चालायला लागले. चार पावलांनी एकदा थांबून आबा म्हणायचे, ‘‘वड,’’ आणि धोंडाबाई म्हणायची, ‘‘वडलाय, भावजी.’’ रंभाबाई मागून चुन्याची फक्की टाकत होती. मी मशीन डब्यात घातलं आणि नुसता बघत उभा राहिलो.